गॅरेजातली रायफल आणि एच-१बीचा शिक्का : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण टेक्सासमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवऱ्याला 'क' म्हणू, बायकोला 'ख'. मी तिथल्या एका नेमबाजी क्लबात रेंजवर सुरक्षेचं काम बघतो, त्यामुळे सुरुवातीपासून या घडामोडी जवळून पाहिल्या. 'क' आणि 'ख' यांच्या संमतीने लिहितो आहे, कारण अमेरिकेत आलेल्या आपल्या इंजिनिअर मुलांमध्ये हा छंद वाढतो आहे आणि त्यातला सर्वांत मोठा खड्डा बहुतेकांना दिसतच नाही.

पार्श्वभूमी

'क' मूळचा सांगलीकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर. वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. सुट्टीत तिथे काम करत वाढलेला हा मुलगा मायक्रोमीटर हातात घेऊन खूश असतो. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती. ग्रीन कार्डाची पहिली पायरी मंजूर झाली होती, पण भारतीयांच्या रांगेत नंबर कधी लागेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. 'ख' एच-४वर, म्हणजे त्याच व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. एक लहान मुलगी.

ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी घरी रायफली जोडायचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायची तर लागतो. एआर-१५ ही रायफल तर सुट्या भागांतूनच उभी राहते. नळी, बोल्ट (काडतुसाला मागून आधार देणारा भाग), दस्ता, वरचा सांगाडा हे सगळं कुरिअरने घरी येतं. कायद्याच्या भाषेत 'बंदूक' म्हणजे फक्त खालचा सांगाडा, लोअर रिसीव्हर. त्यावर अनुक्रमांक असतो आणि तो परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासणी होऊनच मिळतो.

त्या काळात एक पळवाट सर्रास वापरली जायची. 'ऐंशी टक्के' तयार असा लोअर, म्हणजे काही खाचा आणि भोकं बाकी ठेवलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा, बंदूक मानला जात नसे. अनुक्रमांक नाही, तपासणी नाही. उरलेलं काम विकत घेणाऱ्याने घरी करायचं. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर 'क'ने असा एक ठोकळा मागवला, अप्परचे, म्हणजे वरच्या सांगाड्याचे आणि नळीचे, सुटे भाग मागवले आणि सेल लागला होता म्हणून ५.५६ मिमी मापाच्या काडतुसांची पेटीही घेऊन आला. मिलिंगचं, म्हणजे उरलेल्या खाचा आणि भोकं कोरण्याचं, काम सहकाऱ्याच्या गॅरेजात शनिवारी करायचं ठरलं.

अडचण

'ख'चा फोन आला. "दादा, यानं गॅरेजात काय आणून ठेवलंय ते एकदा बघून जा. मला हे ठीक वाटत नाहीये."

तिची काळजी मुलीची होती, आणि ती रास्तच होती. गॅरेजात गेलो तर वर्कबेंचवर सगळं नीट मांडलेलं. ठोकळा हातात घेऊन 'क' मला ७०७५-टी६ मिश्रधातूचा कणखरपणा समजावून सांगायला लागला. कामाचा क्रम त्याने स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून ठेवला होता, प्रत्येक मापासमोर टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ते. कारागिरीत शंकेला जागा नव्हती. मी विचारलं, "व्हिसा कोणता?"

"एच-१बीच अजून. का?"

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टमध्ये बंदूक बाळगायला मनाई असलेल्या लोकांची यादी आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, बेकायदा राहणारे वगैरे. त्याच यादीत नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर आलेले परदेशी नागरिकही आहेत. म्हणजे एच-१बी आला, एच-४ आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ही आला. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. व्हिसावाल्यांसाठी थोडे अपवाद आहेत आणि त्यातला सामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच : कोणत्याही अमेरिकी राज्याचा वैध शिकारीचा परवाना हातात असणं.

'क'चं म्हणणं होतं की तो दुकानातून काही विकत घेतच नाहीये, स्वतः बनवतोय, मग फॉर्म नाही, तपासणी नाही, तर बंदी कसली? हाच गैरसमज मी परत परत ऐकतो. तपासणी हा फक्त दरवाजा आहे. बंदी आहे ती बाळगण्यावर. बंदूक दुकानातून आली, मित्राने दिली की स्वतः घडवली, याने काही फरक पडत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन दहा मिनिटं चालवली तरी ते बाळगण्यातच मोडतं. मित्रमंडळी व्हिसावर असताना हौसेने रेंजवर जातात, फोटो टाकतात, आणि त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१९ साली गाजलेला रेहैफ खटला एका परदेशी विद्यार्थ्याने रेंजवर केलेल्या नेमबाजीवरूनच सुरू झाला होता. आरोपीला आपल्या दर्जाची जाणीव होती हे सरकारला सिद्ध करावं लागेल, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. पण आपण एच-१बीवर आहोत हे 'क'ला माहीत नव्हतं, असं कोण मानेल?

आणि ही बंदी काडतुसांनाही लागू आहे. ठोकळा त्या दिवशी कायद्याने नुसता ठोकळा होता. बंदूक अजून झालीच नव्हती. पण कपाटातली ती पेटी, जी दुकानात कोणी काही न विचारता हातात दिली होती, ती बाळगणं हेच उल्लंघन होतं आणि ते होऊन गेलं होतं. हे सांगितल्यावर 'क' खाली बसला. 'ख'ने फक्त एवढंच विचारलं, "ग्रीन कार्डाचं काय?"

शिक्षेची कमाल मर्यादा त्याच उन्हाळ्यात, जून २०२२ च्या कायद्याने, दहा वर्षांवरून पंधरा झाली होती. पण परदेशी माणसाला त्याहून जवळची भीती वेगळी असते. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशातून काढून टाकण्याला ते कारण पुरतं. शिवाय ग्रीन कार्डाच्या अंतिम अर्जात एक प्रश्न असतो : अटक झाली नसली तरी तुम्ही कधी गुन्हा केला आहे का?

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आम्ही सगळे पर्याय काढले. सहकाऱ्यालाही बोलावलं होतं, आणि ते बरं झालं, कारण बंदी असलेल्या माणसाला जाणूनबुजून बंदूक किंवा काडतुसं देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा असतो. त्यालाही हे नवीन होतं.

पहिला पर्याय म्हणजे ठरल्याप्रमाणे शनिवारी मिलिंग करायचं आणि गप्प बसायचं. "टेक्सासात कोण विचारतंय," हे वाक्य सहकाऱ्याच्या तोंडून आलं. मी तो पर्याय टेबलावरही ठेवायला तयार नव्हतो. दुसरा पर्याय ग्रीन कार्ड येईपर्यंत छंद बंद ठेवायचा. सुरक्षित, पण रांग बघता तो 'कधीच नाही'च्या जवळ जाणारा. तिसरा, शिकारीचा परवाना काढून अनुक्रमांक असलेला लोअर दुकानातून फॉर्म भरून घ्यायचा आणि जोडणी घरी करायची. चौथा पर्याय मी सुचवला होता : ज्वालाग्राही दारूवर न चालणाऱ्या एअर रायफली. केंद्रीय कायद्यात त्या बंदूक नाहीत. स्प्रिंगवर किंवा दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचं ट्यूनिंग हे इंजिनिअरला वर्षानुवर्षं पुरेल असं काम आहे. तोंडाकडून दारू भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकांचे संचही मिळतात आणि केंद्रीय कायदा त्यांना पुराणवस्तूंच्या वर्गात धरतो. लाकूड घासून दस्ता घडवायचा, पोलादावर रंग चढवायचा. माझ्या मते घडवण्याचा खरा आनंद तिथेच आहे. 'क'चं मन मात्र एआरवरच होतं.

काय केलं

सगळ्यात आधी वकील, आणि दोन प्रकारचे : एक बंदुकांच्या कायद्याचा, एक इमिग्रेशनचा. बंदुकांच्या वकिलाने पहिल्याच फोनवर सांगितलं की ठोकळ्याला हात लावू नका. काडतुसं सहकाऱ्याने त्याच्या सल्ल्यानुसार रीतसर नेली. ठोकळा आणि त्याची जिग (तो पकडून कोरायचा साचा) परत गेली. अर्जातल्या त्या प्रश्नाबद्दल इमिग्रेशन वकिलाने काय सल्ला दिला तो त्यांच्यातच राहिला, आणि तसाच राहायला हवा.

ठोकळा परत करण्याचा निर्णय पुढे दुसऱ्याच कारणाने शहाणपणाचा ठरला. ऑगस्ट २०२२ मध्ये एटीएफचा, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा, नवा नियम लागू झाला. सहज पूर्ण करता येतील असे संच आणि अर्धवट सांगाडे बंदुकीतच धरायचे, त्यावर अनुक्रमांक हवा, विक्रीला तपासणी हवी, असा तो नियम. त्यावर खटले झाले आणि २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नियमाच्या बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, वॉशिंग्टन अशा राज्यांचे कायदे तर आणखी कडक आहेत.

'क'ने तिसरा पर्याय निवडला. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीसाठी हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीचं प्रशिक्षण, घ्यावं लागतं. तो कोर्स त्याने मन लावून केला. परवाना हातात आल्यावरच, त्याआधी नाही, दुकानात गेला. फॉर्मवर नॉनइमिग्रंटचा प्रश्न आहे, त्याला खरं उत्तर दिलं, परवान्याची प्रत जोडली. दुकानदाराने हे प्रकरण आधी हाताळलं नव्हतं म्हणून वेळ लागला, पण लोअर मिळाला.

घरातल्या व्यवस्थेचा निर्णय 'ख'ने घेतला. परवाना फक्त 'क'चा होता. 'ख' स्वतः एच-४वर, म्हणजे तीही त्याच यादीत. तिजोरीची किल्ली किंवा कोड तिच्याकडे असला तर बंदूक तिच्याही ताब्यात आहे असं म्हणायला वाव राहतो. त्यामुळे कोड फक्त 'क'कडे. मुलीच्या दृष्टीनेही तेच योग्य होतं. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्सासात वेगळा गुन्हा आहे.

जोडणीतल्या चुका

जोडणी त्याने स्वतः केली, आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे चुका झाल्या त्या इंजिनिअरच्या चुका होत्या. नळीच्या नटाला आवळण्याच्या जोराचा ३० ते ८० फूट-पाउंड एवढा मोठा पट्टा दिलेला असतो, त्यातलं वरचं टोक गाठायचा मोह त्याला आवरावा लागला. दस्ता लोअरला आवळून धरणाऱ्या कॅसल नटाला ठोकून पक्कं करायचं राहिलं होतं. दोन मॅगझिनभर गोळ्या झाडून होताहोता नट सैल झाला आणि दस्ता हातात फिरायला लागला.

पहिल्या दिवशी रेंजवर रायफल प्रत्येक गोळीनंतर अडायची. पुढचं काडतूस वर येतच नव्हतं. 'क'ने दोष काडतुसांना दिला, मग स्प्रिंगला. आम्ही नळी उघडली तेव्हा गॅस ब्लॉक (नळीतला गॅस मागे वळवणारा तुकडा) केसभर सरकलेला निघाला. नळीतलं भोक आणि ब्लॉकमधलं भोक एकमेकांसमोर नव्हतं, त्यामुळे बोल्ट मागे ढकलायला पुरेसा गॅसच पोचत नव्हता. ब्लॉक सरळ केला, रायफल चालायला लागली.

हे दोष त्रास देतात, जीव घेत नाहीत. जीव घेणारे वेगळे. बोल्ट आणि नळी निरनिराळ्या कंपन्यांची असेल तर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसासाठी उरणारी जागा, गेजने तपासल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही, हे मी त्याच्याकडून करवून घेतलं. काडतुसाला मागे बोल्टचा नीट आधार नसेल तर ते चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटतं. एखादी गोळी फुसकी सुटली, आवाज नेहमीसारखा आला नाही, तर दुसरी झाडण्याआधी थांबून नळी तपासायची. आधीची आत अडकलेली असू शकते. आणि .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या मापाची काडतुसं ५.५६ च्या पिशवीत कधीही नाहीत. ती त्याच मॅगझिनमध्ये बसतात, त्याच बोल्टवर चालतात, कधीकधी ५.५६ च्या नळीत शिरतातही. पण गोळी .३०८ इंचांची आणि नळी .२२४ ची. आमच्या रेंजवर या चुकीने फाटलेली एक रायफल शिकवायला ठेवली आहे. 'क'ने ती हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

एका सेलमध्ये त्याला साडेदहा इंची नळीचं स्वस्त अप्पर दिसलं होतं. मी थांबवलं. खांद्याला लावायचा दस्ता आणि सोळा इंचांपेक्षा आखूड नळी एकत्र आली की १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट लागतो, आणि सरकारची मंजुरी जोडण्याआधी हवी. सुटे भाग शेजारी शेजारी ठेवलेलेही अंगाशी येऊ शकतात.

भारताचा प्रवास

२०२३ च्या गणपतीला सगळे सांगलीला निघाले. टेक्सासचा शिकारीचा परवाना दर वर्षी ३१ ऑगस्टला संपतो. म्हणजे सुट्टीवर असताना, काही न करता, घरातली रायफल १ सप्टेंबरला बेकायदा झाली असती. पुढच्या हंगामाचा परवाना ऑगस्टच्या मध्यापासून मिळतो, तो 'क'ने ऑनलाइन काढला आणि रायफल जाताना सहकाऱ्याकडे ठेवली.

निघायच्या आदल्या रात्री 'ख'ने रेंजला नेलेली पाठपिशवी उलटी केली. तिच्या बाजूच्या छोट्या खिशात, अस्तराच्या शिवणीत, एक जिवंत काडतूस सापडलं. ही पिशवी ती मुलीच्या कपड्यांसाठी घेणार होती. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर अशा एका काडतुसापायी अडकलेल्या परदेशस्थ भारतीयांच्या बातम्या नियमित येतात. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं हा बचाव न्यायालयात टिकू शकतो, पण तोवर पोलीस ठाणं, जामीन आणि चुकलेलं विमान हे सगळं होऊन गेलेलं असतं.

सांगलीत चुलतभावाने रायफलीचे फोटो बघितले. त्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्क चालतं. "नुसतं ड्रॉइंग पाठव की, आपल्याकडं काय मशिनं नाहीत होय?" 'क'ने तिथेच नकार दिला. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. छंद म्हणून बनवली या म्हणण्याला तिथे काही जागा नाही. भाऊ थोडा नाराज झाला. घरच्यांसमोर नाही म्हणणं 'क'ला वकिलाच्या ऑफिसात बसण्यापेक्षा जड गेलं असावं, पण या सगळ्या प्रकरणात त्याने स्वतःहून, कोणाला न विचारता, घेतलेला तो पहिला योग्य निर्णय होता.

निकाल

२०२४ मध्ये 'क'ला न्यू जर्सीत नोकरी लागली. तिथे सरकता दस्ता, पिस्तुली मूठ, आटे असलेली नळी अशा गोष्टी एकत्र आल्या तर रायफल बंदीत जाते आणि मॅगझिन दहा गोळ्यांपुरतंच चालतं. बदल करून नेता आली असती. 'क'ने ती टेक्सासातच परवानाधारक दुकानामार्फत विकली. लोअर पहिल्यापासून अनुक्रमांकाचा होता म्हणून व्यवहार सरळ झाला. तो घरचा ठोकळा असता तर दुकानदाराने हात लावण्याआधी बरेच प्रश्न विचारले असते. आता एअर रायफलीकडे वळायचं त्याच्या मनात होतं, पण न्यू जर्सीच्या कायद्यात एअर गनही बंदुकीत मोजतात. तिथल्या नियमांची विचारणा वकिलाकडे चालू आहे. ग्रीन कार्डाची रांग अजून संपलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वकिलाचा पहिला फोन ऑर्डर देण्याआधी व्हायला हवा होता, हे उघड आहे. मला जास्त खटकतं ते सहकाऱ्याचं. त्याने मनापासून मदत केली, पण वीस वर्षं बंदुका जोडणाऱ्या माणसाने शेजारी बसणाऱ्या परदेशी मित्राला व्हिसा कधीच विचारला नाही. आमच्या क्लबात आता नव्या माणसाला रेंजवर घेण्याआधी हा प्रश्न विचारला जातो, आणि मराठी मंडळाच्या सहलीत रेंजचा बेत निघाला की मी आधी हेच सांगतो.

परवान्याच्या मार्गाबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. तो कायदेशीर आहे यात शंका नाही. पण दर ऑगस्टला संपणाऱ्या एका कागदावर अख्ख्या कुटुंबाचं इथलं राहणं टांगून ठेवायचं का? 'ख'ला तेव्हा विचारलं असतं तर तिने एअर रायफलच निवडली असती, असं ती आजही म्हणते. त्या संध्याकाळी टेबलावर ती बसली होती, पण पर्याय ठरवताना आम्ही तिला फक्त मुलीबद्दल विचारलं. तीही त्याच बंदीच्या यादीत आहे हे आमच्या लक्षात आलं ते तिजोरी विकत घेताना. दोघांचे व्हिसा, दोघांचे धोके एकाच कागदावर मांडून मग ठरवलं असतं, तर निवड कदाचित वेगळी झाली असती.